साकीन या नावाच्या उत्पत्तीबाबत

संबंधित इसम: डोमाजी वल्द सीताराम, शेतमजूर, वांकिडीच्या बाजूचा, अंगठाबहाद्दर. त्याचा मुलगा साकीन, पुढे शाळामास्तर. साक्षीदार: मल्लय्या, कचेरीसमोरचा चहावाला, तेलुगू माणूस, परंतु मराठी उत्तम समजणारा. काळ: पहिला प्रसंग आंध्र सरकारने तालुके मोडून मंडले केली त्याच्या पुष्कळ आधीचा, दुसरा त्यानंतरचा. कसूरदार: प्रस्तुत लिहिणारा, धंदा अर्जनवीस. ही हकीकत मी आजवर बायकोला सांगितलेली नाही, देवापुढेही बोललेलो नाही. तुम्हाला सांगतो — कारण तुम्ही मला ओळखत नाही.

प्रथम माझी लायकी. सातवी नापास. परंतु उर्दू, मराठी आणि कामापुरती तेलुगू, या तिन्ही भाषांत मी असा अर्ज लिहीत असे की तहसीलदार खुर्चीत सरळ होऊन बसत. निजाम गेला, आंध्र सरकार आले, तरी कागदावरचे शब्द तेच राहिले होते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. साकीन म्हणजे राहणार. हे शब्द ज्यांना कळत नाहीत अशी माणसे दिवसभर कचेरीसमोर माझ्या बाकापुढे उकिडवी बसत, आणि मी त्यांना तुच्छ मानत असे. का मानू नये? — असे तेव्हा वाटे. आपल्याच अर्जात काय लिहिले आहे ते जो दुसऱ्याला विचारतो, त्याला मान कशाबद्दल द्यायचा?

मुलांच्या नावांबद्दल तर विचारूच नका. कोणी सिनेमातला नट उचली, कोणी बदलून गेलेल्या कलेक्टरचे नाव ठेवी, आणि ते नीट उच्चारता येत नसे म्हणून आयुष्यभर पोराला 'अबे' म्हणून हाक मारी. असल्या लोकांना नावे सुचवणे हा माझ्या बाकावरचा एक करमणुकीचा जोडधंदा होता.

डोमाजी आला तो पडीक जमिनीच्या अर्जासाठी. भूमिहीनांना सरकार जमीन देणार अशी आवई उठली होती. मी ओळ लिहीत होतो — 'डोमाजी वल्द सीताराम, साकीन मौजे' — तेवढ्यात तो म्हणाला, "बाबू, अजून एक काम होतं जी. पोट्टं झालं. नाव पायजे."

"मग बामणाकडे जा."

"त्याच्याकडं कायले जाऊ? आमी बुद्धाचे झालो ना आता. असं नाव सांगा जी, पाटलाच्या घरी नाई, आमच्या बापदाद्यात नाई, कोनाचंच नाई. बुद्धाच्या घरचं असन तं लय चांगलं."

त्या लोकांनी धर्म बदलल्याला फार वर्षे झाली नव्हती आणि मला ते रुचलेले नव्हते — हेही येथे लिहून ठेवतो. काल आमच्या ओट्याखाली उभा राहणारा माणूस आज नाव निवडून मागतो? आणि तेही पाटलाच्या घरी नसलेले? माझ्या टाकाखाली एक शब्द अजून ओला होता. मी त्यापाशी बोट ठेवले आणि म्हणालो, "साकीन."

"म्हंजे का जी?"

"बुद्ध भगवान शाक्य कुळातले. त्या कुळातला पुरुष तो साकीन. पाली भाषेतला शब्द आहे."

पाली म्हणजे भिंतीवर फिरतात त्या — यापलीकडे त्या भाषेविषयी मला काही माहीत नव्हते. आजही नाही.

डोमाजी तो शब्द पुटपुटत गेला. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी मान ताठ ठेवून गेला. तो वळणाआड होताच मी मल्लय्याला म्हणालो, "ज्याला राहायला हातभर जागा नाही, त्याच्या पोराचं नाव आजपासून राहणार!" बाकावरचे सगळे हसले. मल्लय्याही हसला.

थट्टा तेथेच विरून जायची. पण नाव चालले. डोमाजी ज्याला त्याला त्याचा अर्थ सांगे — कापूस वेचताना सांगे, पंगतीत सांगे, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगे. आजूबाजूच्या गावांत दुसरा साकीन झाला, तिसरा झाला. हद्दीपलीकडे राजुऱ्याच्या अंगाला त्याची बहीण दिली होती, तिने आपल्या मुलाला तेच नाव ठेवले. कोणी साकीनकुमार केले, कोणी साकीनराज. एका शहाण्याने मुलीला साकिनी केले — डाकिनीशी यमक जुळते हे त्याच्या ध्यानातही आले नाही. या सर्वांचे कागद माझ्याकडेच येत. 'साकीन वल्द अमुक, साकीन मौजे तमुक' असे लिहिताना येणारे हसू मी मिशीत दाबत असे.

तेव्हा तरी सांगायचे होते, असे तुम्ही म्हणाल. कोणाला? ज्यांना ते नाव शोभत होते त्यांना? कारण ते शोभत होते, महाशय. बायका अंगणातून "साकीन, ये साकीन" अशी हाक मारीत तेव्हा ते नाव जुने, घरंदाज वाटे. माझा राग होता तो नेमका यावरच.

इथवरची हकीकत हाच माझा कबुलीजबाब, असे तुम्हाला वाटले असेल. तसे असते तर मी लिहिले नसते. एवढे पाप मी हसत पचवले असते.

डोमाजीचा मुलगा शिकला. याची मी अपेक्षा केलेली नव्हती. त्याला मास्तरकी मिळाली, आणि कागद तपासून घ्यायला तो जिल्ह्यातल्या एका कचेरीत गेला. तेथे उर्दू शिकलेला एक म्हातारा कारकून निवृत्तीला टेकलेला होता. त्याने नाव वाचले आणि चष्मा वर केला. "मियाँ, ये नाम थोड़ी है? ये तो रहनेवाला हुआ. कहाँ का रहनेवाला?" मग संध्याकाळपर्यंत त्या कचेरीतला शिपाईसुद्धा येता-जाता त्या मुलाला विचारी, "कहाँ का रहनेवाला?"

दुसऱ्या दिवशी तो बापाला घेऊन माझ्या बाकासमोर उभा राहिला. भांडायला आला असता तर बरे झाले असते.

"काकाजी," तो म्हणाला, "बा म्हणते, नाव तुमी देल्लं. कोणत्या पुस्तकात हाये तेवढं सांगा. मी ते पुस्तक नेऊन त्या बाबूच्या टेबलावर ठेवतो."

त्याचा अजून विश्वास होता. पुस्तक कोठून आणू? मल्लय्या कपबशा विसळत आमच्याकडे बघत होता. बाकावर गिऱ्हाइके होती. या माणसाला सगळे येते अशी माझी ख्याती — आणि माझ्या थट्टेतून निघालेला एक पोरगा मास्तर होऊन मला पुरावा मागतो? मी चष्मा पुसला. आणि म्हणालो — किती सहज म्हणालो — "मी शाक्यसेन सांगितलं होतं. तुझ्या बापानं काय ऐकलं, मला काय माहीत?"

डोमाजी पुढे आला. "नाई बाबू. साकीनच म्हनले तुमी. बोट ठेवून दाखोलं मले."

"बा, गप ऱ्हाय! अक्षर वाचता येत नाई अन् बोट कायचं सांगून राह्यला?"

"आरे, मी आयकलं ना. माह्या कानानं—"

"तुह्या कानापायी माही जिंदगीभर हशी झाली!"

बापावर मुलगा भर रस्त्यात असा ओरडला, आणि मी बसलो होतो. एका शब्दाने थांबवता आले असते. मी कोरा कागद पुढे ओढला.

नाव बदलण्याचे प्रतिज्ञापत्र मी तेथेच, माझ्या सर्वोत्तम भाषेत लिहिले: 'वडील निरक्षर असून, त्यांच्या श्रवणदोषामुळे मूळ नाव शाक्यसेन असताना साकीन असे चुकीने प्रचारात आले.' श्रवणदोष — तो शब्द सुचला तेव्हा मी मनातल्या मनात खूशही झालो. डोमाजीने विचारले, "यात का लिवलं बाबू?" मी म्हणालो, "तुझ्या पोराचं भलं." त्याचा अंगठा मीच धरून शाईवर दाबला. त्याने हात ओढून घेतला नाही.

ते गेल्यावर मल्लय्या म्हणाला, "काऊन असं केलं, सारू? मी बी होतो ना तवा."

मी म्हणालो, "चहा ओत."

शाक्यसेन मास्तरांचे उत्तम चालले आहे. बाकीच्या साकीनांचे बाप जाब विचारायला डोमाजीच्या दारात गेले. माझ्या दारात कोणी आले नाही, हे लक्षात घ्यावे. बहिऱ्याचे ऐकून पोरांची नावे ठेवली, म्हणून त्याला चारचौघांत शिव्या बसल्या. हळूहळू त्याचे नाव पडले — बहिरा डोमा. दुकानदार, सून, गल्लीतली पोरे, सगळे त्याच्याशी ओरडून बोलू लागले. आधी तो प्रत्येकाला सांगे, मले ऐकू येते. मग सांगेनासा झाला.

मागच्या थंडीत बाजारात कापसाच्या गाड्यांजवळ तो मला दिसला. तोंड चुकवण्याची सोय नव्हती. मी काय केले असेन असे तुम्हाला वाटते? मी त्याच्या कानाशी तोंड नेले, आणि सगळ्यांच्या देखत, बहिऱ्याशी बोलावे तसा ओरडलो — "कसा आहेस, डोमाजी?"

तो अर्धे पाऊल मागे सरकला.

"ऐकू येते, बाबू," तो म्हणाला. फक्त माझ्यापर्यंत पोहोचेल इतक्या हळू.

मी पाठ फिरवली. गाड्यांच्या मधून वाट काढून निघून आलो, आणि घरी जेवलो.

आयुष्यभर मी प्रत्येक कागदाच्या शेवटी 'सबब विनंती की' असे लिहीत आलो. येथे ते शब्द लिहीत नाही. दया, क्षमा, जबाब — काहीही मागणे नाही. पुढील मजकूर मात्र शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देतो: डोमाजी वल्द सीताराम याचे कान त्या दिवशी चांगले होते व आजही चांगले आहेत. शब्द साकीन हाच होता. त्याने तो बरोबर ऐकला. बोलणारा मी.