पहिला खिळा

आम्ही खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा शेजारचे लोक भिंतीत सर्रास खिळे ठोकायचे आणि क्वार्टर सोडायची वेळ आली की भोकं टूथपेस्टने बुजवून टाकायचे. माझ्या वडिलांनी हे कधी केलं नाही. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि नियम म्हणजे नियम. "भिंत सरकारी आहे," एवढं म्हणून ते विषय संपवायचे. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं. आई गेल्यावर तिचा फोटो मोठा करून आणला, तोसुद्धा कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला. घसरू नये म्हणून त्याच्या पायाशी बाबांनी टॉवेलची घडी लावली.

ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडताना ऑफिसचा माणूस भिंती तपासायला आला. माझ्याहून लहान असेल. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्याला खोल्या फिरवून दाखवल्या. "बघून घ्या साहेब. एकही खिळा नाही." मला त्या वेळी रागच आला होता. त्यानंतर खडकीतच भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. तिथली भिंत घरमालकाची, त्यामुळे फोटो पुन्हा कपाटावर गेला.

मी बँकेतून कर्ज काढून कोथरूडला जुना फ्लॅट घेतला तेव्हा बाबांनी ना मजला विचारला ना लिफ्ट. "भिंती आपल्या ना?" म्हणाले.

"आपल्याच."

"मग पहिला खिळा मी ठोकणार. तुझ्या आईचा फोटो लावायचा."

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. ती द्यायला फार काही लागत नव्हतं. एक भिंत लागत होती.

फ्लॅटला ओल होती, म्हणून कॉन्ट्रॅक्टर शोधला. माणूस बोलायला गोड. "ताई, चावी द्या आणि निवांत राहा." मी चावी दिली. तोडफोड त्याने झपाट्याने केली. प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, ओटा फोडला, बाथरूमच्या फरशा काढल्या. त्यातली हुशारी मला पुढे कळली. अर्धवट फोडलेल्या घराला दुसरा कॉन्ट्रॅक्टर हात लावत नाही, त्यामुळे मालक कुठे जात नाही. मग तो दिसेनासा झाला.

फोन मात्र उचलायचा. "निघालोच आहे, ताई." कुठून आणि कुठे, ते विचारायचं मी सोडून दिलं. भाद्रपदात म्हणाला, पितृपंधरवडा आहे, नवीन काम धरत नाहीत.

"अहो, आम्ही बौद्ध. आमच्याकडे पितृपंधरवडा नसतो."

"तुमच्याकडे नसतो हो, आमच्याकडे असतो ना."

पुढे माणसं दिवाळीला गावी गेली आणि तिथेच रमली. "तुम्ही येणार नाही तो दिवस तेवढा कळवत जा, म्हणजे इतर दिवशी मी वाट बघेन," असं मी एकदा म्हटलं, तर तो मनापासून हसला. पुण्यात वाढलेल्या बाईचा टोमणा असा वाया जावा, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

थंडीत एकदाचं हॉलचं प्लास्टर झालं. मी तिथूनच फोनवर बाबांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते दोन बस बदलून कोथरूडला हजर. पिशवीत हातोडी, तेलाच्या कागदात गुंडाळलेले खिळे आणि चादरीत बांधलेला आईचा फोटो. महिनोन्‌महिने न दिसणारा कॉन्ट्रॅक्टर नेमका त्या दिवशी तिथे होता.

"काका, आज नको. प्लास्टर ओलं आहे, तडा जाईल. आठ दिवस थांबा."

बाबा नियमाचे. "बरोबर आहे," म्हणाले. त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला आणि काही वेळ तसेच उभे राहिले. मग फोटो पुन्हा चादरीत बांधला. प्लास्टर झाल्याच्या आनंदात मीही म्हटलं, थांबू या. आज वाटतं, जाऊ द्यायचा होता तडा. घरात एक तडा राहिला असता, इतकंच.

आठ दिवस संपायच्या आत त्याच भिंतीला पुन्हा ओल फुटली. कॉन्ट्रॅक्टर म्हणे वरच्यांचा नळ गळतोय, वरचे म्हणे याचं काम कच्चं. दोघांच्या भांडणात मी जिने चढत-उतरत राहिले आणि भिंत पुन्हा खरवडली गेली. मी वकिलाची भीती घातली की दोन माणसं यायची, सिमेंट कालवायची आणि जेवायला म्हणून जायची ती तिकडचीच व्हायची.

बाबा दर रविवारी विचारायचे, "वाळलं का?" उन्हाळ्यात त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून विचारत नाहीत. एके सकाळी ते दूध आणायला गेले आणि आमच्या जुन्या क्वार्टरच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथल्या भल्या माणसांनी त्यांना बसवून चहा दिला आणि मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हे आधीपासून सुरू झालं असणार. कॉन्ट्रॅक्टरमुळे कुणाला विसर पडत नाही, एवढं मलाही कळतं. पण घर आपलं आहे हे बाबांना कळत होतं, ते दिवस त्याने खाल्ले. ते मला कोणतंही कोर्ट परत देणार नव्हतं.

शेवटी घर राहण्याजोगं झालं. बाबांनी आत येऊन सगळीकडे नजर फिरवली. "क्वार्टर चांगलं मिळालं," म्हणाले. "हवा आहे."

मी त्यांच्या हातात हातोडी आणि खिळा दिला. हातोडी त्यांनी अगदी सवयीने तोलून धरली. मग थांबले. "परवानगी काढलीस?"

"बाबा, भिंत आपली आहे."

"सगळे असंच म्हणतात," ते मायेने म्हणाले. खिळा माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं मिटली. फोटो कपाटावर गेला. टॉवेलची घडी त्यांनी स्वतः केली, आईच्या पायाशी लावली आणि नीट बसली ना हे दोनदा पाहिलं. ते झोपल्यावर मी खिळा ठोकू शकले असते. पण तो माझा नव्हता.

त्यानंतर कॉन्ट्रॅक्टर एकदा आला, राहून गेलेली खिडकीची जाळी घेऊन. त्याला काय काय सुनवायचं ते मी किती दिवस घोकत होते. मी दार उघडलं, तोंडही उघडणार होते, तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"या साहेब."

जाळी हातात तशीच धरून तो त्यांच्या मागे हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत फिरला. बाबा प्रत्येक भिंतीपाशी थांबत होते. "बघून घ्या. एकही खिळा नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला तो दिवस आणि ती पिशवी आठवली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला. मग त्याने स्वतःच्याच प्लास्टरवरून हात फिरवला. "हो काका. भिंती चांगल्या ठेवल्यात तुम्ही."

"मग सोडायचं कधी?" बाबांनी विचारलं.

कशालाही आठ दिवस सांगणाऱ्या त्या माणसाने हातातली जाळी खाली ठेवली. "सोडायचं नाही काका," तो म्हणाला. "तुम्हीच राहायचं इथे."

बाबा खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. मी वर्षभर हेच सांगत होते, पण माझ्या सांगण्यावर शिक्का नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "साहेब भला माणूस आहे. चहा कर त्यांना."

मी आत गेले आणि त्याच्यासाठी चहा ठेवला.