घाटकोपर ते गोराई: एका पखवाजासाठी जागा शोधताना

डोंगर किंवा समुद्र पाहायला मी निघाले नव्हते. एका पखवाजासाठी निघाले होते, आणि तो पखवाज चार वर्षं वाजला नव्हता.

झालं असं, की मला एका व्याख्यानात बोलायचं होतं. विषय: उत्पन्न वाढलं, सुख वाढलं का? गरीब देशांतल्या माणसांना अभ्यासक एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. शून्यावर सगळ्यात वाईट आयुष्य, दहावर सगळ्यात चांगलं. तुम्ही कितव्या पायरीवर? मग पगार आणि पायरीचं नातं काय, यावर त्यांच्यात भांडणं होतात. ती भांडणं मी ढीगभर वाचलीत, त्यावर गावोगाव टाळ्याही घेतल्यात. पण शिडीवरच्या माणसाला कधी विचारलं नव्हतं. म्हणून मुलुंडहून बस पकडली आणि घाटकोपरला वैशालीकडे गेले.

वैशाली माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिची बैठी चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला आणि आता ती बाविसाव्या मजल्यावर राहते. नवरा-बायको दोघांचा पगार चांगला. घरात तिचे सासरेही, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, गाव मालवणकडे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. चाळीत दर गुरुवारी भजन व्हायचं आणि पखवाजावर भाऊ असायचे.

"भाऊ, या शिडीवर तुम्ही कितव्या पायरीवर?" मी विचारलं.

"माका खंय शिडी चढूची आसा? लिफ्ट आसा मां!"

हसून झालं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाणार. पखवाज कपाटावर चादरीत गुंडाळलेला. घरात वाद्य वाजवायचं नाही, हा सोसायटीचा नियम. पार्किंगच्या वरच्या मोकळ्या पोडियमवरही नाही. हॉल फक्त वाढदिवसांना.

"एक भजन पुरा वाजवूचा आसा माका," भाऊ म्हणाले. "मधी कोण थांबवूक येवचो नाय अशा जागेत. बोटां ऐकतत तोपर्यंत."

बावीस मजले, प्रत्येक मजल्यावर आठ घरं, आणि एका म्हाताऱ्याला अर्धा तास द्यायला जागा नाही! मी म्हटलं, गुरुवारी निघू या. कुठे, ते वाटेत ठरवू.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही तिघं आणि पखवाज मेट्रोत शिरलो. तुम्हाला हाच प्रवास करायचा असेल तर घाटकोपरहून डी. एन. नगर, तिथे पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोला, आणि मग थेट बोरिवली पश्चिम. दोन्ही तिकिटं मिळून माणशी शंभराची नोट पुरते. तपासणीला उभ्या मुलीने चादर चाचपली.

"आजोबा, काय आहे यात?"

"बायको," भाऊ म्हणाले. वैशालीने कपाळावर हात मारला, पण मुलीने हसत सोडलं.

गाडी साकीनाक्यावरून जात होती. खाली पत्र्यांची छपरं, त्यांखाली कारखान्यांचे गाळे. मी माझं नेहमीचं सुरू केलं. चाळीत पैसा नव्हता पण माणसं होती, दारं उघडी होती, वगैरे. वैशाली खिडकीबाहेर बघत होती.

"ती गल्ली दिसते? तिथे मी चार वर्षं पॅकिंग केलंय. पंख्याखाली बसायला पाळी लागायची. चाळीचं कौतुक मला नको सांगूस यार. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत तू नव्हतीस, मी होते. घरात नळ आला त्या दिवशी मी मोरीत बसून रडले. मला तो नळ हवाय. पगारही हवाय."

तीस गावांत केलेलं भाषण दोन स्टेशनांत कोसळलं. मग राग आला. आधी स्वतःचा, मग बाकीच्यांचा. गरिबीत सुख होतं म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना महिनाभर त्या रांगेत उभं करायला हवं. आणि आता घर मिळालं, पगार मिळाला, मग कुरकूर कसली, असं विचारणाऱ्यांना बाविसाव्या मजल्यावर हाताची घडी घालून बसवायला हवं. नळ द्यायचा म्हणून गुरुवार काढून घ्यायला कुणी सांगितलं होतं? पाण्याची लाइन टाकताना भजनाची जागा आड येत होती का? कष्टाने वाढलेला पगार माणसाने उंबऱ्याच्या आत आणावा, आणि तेवढ्यात उंबऱ्याबाहेरचं सगळं कुणीतरी उचलून न्यावं. याला भरभराट म्हणायचं!

बोरिवलीत उतरून आधी एका बागेत गेलो. झाड छान, बाक रिकामा. भाऊंनी चादरीची गाठ सोडली तोच वॉचमन आला. त्याने पाटीकडे बोट दाखवलं: वाद्य वाजवण्यास मनाई.

"पाच मिनिटं रे बाबा," वैशाली म्हणाली.

वॉचमन इकडेतिकडे बघत म्हणाला, "मी तिकडं पाणी बघून येतो. तेवढ्यात काय ते करा."

भला माणूस! पण त्याच वेळी कानात इयरफोन घातलेले एक गृहस्थ धावता धावता थांबले. "अंकल, प्लीज. इथे लोक शांततेसाठी येतात."

पखवाज अजून चादरीतच होता. भाऊंनी पुन्हा गाठ मारली. मी त्या गृहस्थांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. वैशालीने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

तिथून रिक्षाने गोराईची जेट्टी. बोट सारखी सुटते, तिकीट किरकोळ, स्कूटरसुद्धा चढवता येते. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. पलीकडच्या रिक्षावाल्याशी भाडं आधीच ठरवा. किनाऱ्यावर आधीच कुणाचा तरी स्पीकर ठणाणा करत होता, तो बरा कुणाला खुपत नव्हता. आम्ही मागे वळलो आणि गावात एका क्रॉस असलेल्या अंगणाबाहेर सावलीत टेकलो. भाऊंनी कणीक मागितली. पखवाजाच्या डाव्या पुडीच्या चामड्याला भिजवलेल्या कणकेचा गोळा लावल्याशिवाय त्याचा खर्ज निघत नाही.

वैशालीने डबा उघडला आणि तिचा चेहराच उतरला. आत चपात्या. "सकाळी वेगळी काढून ठेवली होती हो... हाताला सवय, सगळी लाटली."

"पखवाजाक चपाती भरवतलंस काय गो?"

मी फाटकातून हाक मारली. सत्तरीच्या बाई बाहेर आल्या, मोनिका आंटी. सगळं ऐकून म्हणाल्या, "आमच्याकडं तांदळाच्या भाकऱ्या. गव्हाचं पीठ नाय. केकचा मैदा हाय, चालेल?"

भाऊंनी विचार केला. "चालात. आज तो केक खायत."

मैदा आंटींनीच भिजवून दिला. आम्ही रस्त्यावर परत निघालो तर त्या खेकसल्या, "कुठं चालले? अंगणात बसा ना! कोण काय बोलतंय बघते मी."

भाऊंनी गोळा चिकटवला, थाप मारली, थोडा काढला, पुन्हा मारली. आणि मग तो खर्ज घुमला. कोंबड्या पळाल्या. वैशाली भजन म्हणायला लागली. तिला ते सगळं पाठ आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बोटं थरथरत होती, पण ठेक्यावर येताना थरथरत नव्हती. दोनदा लय सुटली, दोनदा त्यांनी पकडली. मी न राहवून विचारलं, "भाऊ, आता कितवी पायरी?"

"गप रव! ताल चुकता."

भजन पुरं झालं. मध्ये कुणीही आलं नाही. आंटींनी डोळे पुसले आणि सरबत आणलं. "रस्ता मोठा झाला की इथं पण टॉवर येतील म्हणतात. आम्ही पण श्रीमंत होणार," त्या म्हणाल्या. आनंदाने म्हणाल्या की भीतीने, मला कळलं नाही.

परतीच्या बोटीत भाऊंनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. "पुढच्या गुरवारी?" त्यांनी विचारलं. वैशाली बोटांवर मोजायला लागली. दोन मेट्रो, दोन रिक्षा, एक बोट. पुढच्या गुरुवारी बोटं ऐकतील का, आणि वैशालीला रजा मिळेल का?

घरी आल्यावर भाषणाचे जुने कागद फाडले. माझ्या ओढणीला मैद्याचा वाळलेला थर होता, तो नखाने काढत बसले आणि वैशालीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. पोडियमवर वाद्य चालत नाही, पण व्याख्यान चालतं, माईक लावूनसुद्धा.

"सुखावर बोलणार? झकास! या ना मॅडम, गुरुवारी संध्याकाळी या," ते म्हणाले.

मी पाच मिनिटं बोलेन. उरलेला वेळ भाऊंचा. सेक्रेटरी हे वाचत असतील तर उत्तमच. पखवाज बंद करायला त्यांनी स्वतः, सगळ्या बावीस मजल्यांसमोर उठून यावं. कणीक मी मुलुंडहून मळून नेणार आहे, आणि पखवाजाला लागेपर्यंत ती वैशालीच्या हातात देणार नाही.