सामानाजवळ बसणारी

आमच्या घरातून सहल निघायची म्हटली की कुठे जायचं, कशाने जायचं, खायला काय न्यायचं, यावर आठवडाभर वाद चालत. पण तिथे पोचल्यावर सामानाजवळ कोण बसणार, यावर कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. मी बसणार, हे ठरलेलंच होतं. कोणी ठरवलं, ते मात्र कधी कळलं नाही. लग्नात भटजींनी मंत्रांच्या गर्दीत तसं काही वदवून घेतलं असेल, तर ते माझ्या कानावर आलं नव्हतं.

माझं माहेर मनमाडचं. नळाला पाणी कधी आठवड्याने यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि आलं की घरातल्या वाट्या-पेलेसुद्धा भरून ठेवायचे. साखरपुडा झाल्यावर मी एकदा नाशिकला आले होते. गोदावरीच्या काठाने चालताना होणाऱ्या नवऱ्याने मला धबधब्याबद्दल सांगितलं. घोटीहून आत वळलं की पुढे कळसूबाईचं अभयारण्य लागतं. तिथल्या एका गावामागून पायवाट डोंगरात शिरते आणि तासभर चढलं की तो धबधबा येतो. गावातले लोक त्याला नुसतं ‘धार’ म्हणतात. ‘‘समोर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लग्न झालं की तुला दाखवीन,’’ तो म्हणाला. एवढं पाणी दिवसरात्र पडतंय आणि खाली हंडा लावून कोणी उभं नाही, हे मला खरंच वाटेना. मला ते पाहायचं होतं. सासरकडून माझ्या बाकी फार अपेक्षा नव्हत्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात योग आला. नवऱ्याच्या ऑफिसातली पाच कुटुंबं, भाड्याची मॅटाडोर आणि पंधरा ऑगस्टची सुट्टी. झेंडावंदन उरकून निघायचं ठरलं. घोळ एवढाच झाला की त्या वर्षी पंधरा ऑगस्टला श्रावणी सोमवार आला. म्हणजे निम्म्या मंडळींना उपास आणि निम्म्यांना भूक. कोणीही शहाण्या माणसाने वडापाव आणि केळी घेतली असती. आमच्याकडे ठरलं की तिथेच गरमगरम करायचं, उपासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी आणि बाकीच्यांना मसालेभात. स्टो एकच. त्यातही खिचडी आधी, कारण मसालेभाताच्या पातेल्याला टेकलेला झारासुद्धा उपासाला चालत नव्हता.

गावातल्या शाळेच्या ओट्यावर आम्ही पथारी मांडली. पुरुष आणि मुलं लगेच निघाली. ‘‘तुम्ही उरकून मागून या,’’ नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं मी खरं मानलं, नवीन होते. थोड्या वेळाने एकीला मुलांची काळजी वाटायला लागली, ती गेली. तिच्या सोबतीला दुसरी गेली. तिसरीने मला विचारलं, ‘‘तुला जमेल ना गं भात?’’ आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत चपला घातल्या. सासूबाई खिचडी खाऊन सतरंजीवर आडव्या झाल्या. स्टो भडकत होता, मधेच विझत होता. पिन मारता मारता पिन तुटली. पंचवीस माणसांचा भात त्या स्टोवर शिजवताना मी शंकराला जे काही बोलले, ते श्रावणात कोणी बोलू नये.

भाताला वाफ आली तेव्हा पहिली तुकडी चिंब भिजून परत येत होती. नवरा समोर येऊन म्हणाला, ‘‘अगं, तू आली का नाहीस? आम्ही केवढी वाट पाहिली!’’ माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला भात वाढला. खाताना सगळे धारेबद्दलच बोलत होते. त्या सहलीचे छत्तीस फोटो धुऊन आले, त्यात माझा एकच. हातात झारा आहे आणि डोळे मिटलेले आहेत.

पुन्हा जायला तीन वर्षं गेली. तोवर मुलगी झाली होती, दोन वर्षांची. मॅटाडोरमध्ये ऑफिसच्या मंडळींबरोबर दीर-जाऊबाईही होते. या वेळी स्टो नाही, मीच निक्षून सांगितलं होतं. घरून पोळ्या, चटणी आणि पिठलं नेलं. पण गावात पोचेपर्यंत पोरगी माझ्या खांद्यावर झोपली आणि पाऊस असा लागला की समोरचा डोंगर दिसेना. ‘‘एवढ्याशा लेकराला घेऊन कुठे घसरत जातेस?’’ सासूबाई म्हणाल्या. लेकराला बापही आहे, त्याचा खांदाही रिकामा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सगळी गेली, सासूबाईसुद्धा काठी टेकत ‘जमेल तेवढं’ म्हणून गेल्या. मी त्याच शाळेच्या ओट्यावर, मांडीवर पोर आणि भोवती अकरा पिशव्या.

तेवढ्यात भाताच्या रोपांची आवणी उरकून एक बाई शेतातून आली. डोक्यावर पानांचं इरलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे. इरलं भिंतीला टेकवून ती माझ्याशेजारी बसली.

‘‘तुम्ही नाय गेल्या धारेवर?’’

‘‘नाही. पोरगी झोपलीय.’’

‘‘मागल्या टायमाला पाह्यली आसंल?’’

‘‘नाही.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘हितवर येऊन नाय पाह्यली? ढोरं राखणारी पोरं दिसातून दोनदा जात्यात.’’ मग तिने पदराने हात पुसले. ‘‘जावा तुम्ही. म्या बसते हितं. लेकरू बी निजू द्या. मला चार हायेत, लेकराची काय नवलाई नाय.’’

इथे मी काय केलं, ते सांगायला मला आजही जड जातं. नवऱ्यावर, सासूबाईंवर, त्या स्टोवर चिडणं सोपं आहे. त्या क्षणी मला अडवायला तिथे कोणीच नव्हतं. वाट समोर होती आणि पोर सांभाळायला चार मुलांची आई होती. आणि मी काय पाहिलं? नवऱ्याच्या कॅमेऱ्याची बॅग पाहिली. जाऊबाईंनी काढून पर्समध्ये ठेवलेल्या पाटल्या आठवल्या. मग त्या बाईचं फाटकं लुगडं पाहिलं.

‘‘नको. जाग आली तर रडेल,’’ मी म्हणाले.

तिला कळलं. माझी नजर कॅमेऱ्याच्या बॅगेकडे गेलेली तिने पाहिली होती. ‘‘बरं,’’ एवढंच म्हणाली. उठताना तिला दिसलं की ओट्याच्या कडेला कौलांमधून पाणी गळतंय आणि आमच्या दोन पिशव्या भिजताहेत. तिने त्या उचलून कोरड्या बाजूला ठेवल्या, इरलं डोक्यावर घेतलं आणि गेली.

संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं, तो म्हणेल, ‘वेडी आहेस, जायचं होतंस.’ तो म्हणाला, ‘‘बरं केलंस. कोणाचा काय भरवसा!’’ आणि सासूबाईंनी मॅटाडोरमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक केलं की, आमची सून सामानाच्या बाबतीत अगदी चोख आहे. आयुष्यात मला सासूबाईंकडून जी थोडी शाबासकी मिळाली, तिच्यातली ही सगळ्यात मोठी, आणि मला ती उचलून घाटात भिरकावून द्यावीशी वाटली.

पुढची दहा-अकरा वर्षं मी ठिकठिकाणी चोख बसले. त्र्यंबकला चपलांपाशी, वणीच्या गडाच्या पायथ्याला पाण्याच्या बाटल्यांपाशी, भंडारदऱ्याला ओल्या टॉवेलांपाशी. कोणी मला ‘बस’ म्हणत नसे. सगळे हातातलं माझ्यापाशी ठेवून सरळ पुढे जात. मीही आपण होऊन सावली शोधायची, आणि मग मनातल्या मनात चरफडायची. चरफडण्याचा मला इतका सराव झाला होता की एखाद्या सहलीत तसं काही झालं नाही तर मला करमलं नसतं.

तिसऱ्यांदा धारेला निघालो तेव्हा घरची जुनी मारुती होती. गाडीत चौघंच, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी. घोटीच्या पुढे मुलीने सहज विचारलं, ‘‘आई, धार खूप मोठी आहे का गं?’’

‘‘मला काय माहीत? मी कुठे पाहिलीय?’’

नवरा आरशातून माझ्याकडे बघून हसला. ‘‘काहीतरीच काय? दोनदा आलोय आपण.’’

‘‘तुम्ही आलात.’’

‘‘अगं, तू होतीस की. ते नाही का, माझा पाय घसरला आणि तू ओरडलीस?’’

ओरडणारी त्याच्या ऑफिसातली कोणीतरी होती. पण त्याला खरंच वाटत होतं की मी तिथे होते. तो थट्टा करत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी कुढत होते, ती त्याच्या लेखी कधीच होऊन गेली होती. माझ्या सगळ्या रागाचा पत्ताच चुकला होता.

गावात आता पायवाटेच्या तोंडाशी फाटक होतं, फलक होते, रांग होती. गाड्यांमधून मोठमोठ्याने गाणी वाजत होती आणि पोरं चिखलात नाचत होती. वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या वाहून एका दगडापाशी अडकल्या होत्या. आता गाडी होती, सामान आत ठेवून कुलूप लावता आलं असतं. पण सासूबाईंना चढवत नव्हतं आणि गाडीत गुदमरायला होत होतं, म्हणून सतरंजी बाहेर आली. सतरंजी बाहेर आली म्हणून डबे बाहेर आले. डबे दिसले म्हणून झाडावर माकडं आली. नवऱ्याने बुटाच्या नाड्या आवळल्या आणि म्हणाला, ‘‘मग, आम्ही जाऊन येतो.’’

‘‘आज मी जाणार आहे. तुम्ही बसा,’’ मी म्हणाले.

सासूबाईंनी वर पाहिलं. ‘‘अगं, तो कसा बसेल?’’

‘‘मांडी घालून. बसण्यात अवघड काही नाही, आई. मी चौदा वर्षं करतेय.’’

मुलगी तोंडावर हात दाबून हसली. नवरा काही तरी म्हणणार होता, पण माझा चेहरा पाहून सतरंजीवर बसला. बुटांच्या आवळलेल्या नाड्यांसकट. मग मी त्याला समजावून सांगितलं. भाकरीचा डबा मांडीशी ठेवायचा. चटणीच्या डब्याचं झाकण सैल आहे, तो आडवा करायचा नाही. आईंची गोळी निळ्या पिशवीत. माकड आलं तर हात उगारायचा नाही, काठी आपटायची. हे सगळं सांगायला बराच वेळ गेला. फाटकापर्यंत गेल्यावर मी परत येऊन ताकाच्या बाटलीचं सांगितलं.

तासाभराच्या वाटेला आम्हाला दीड तासाहून जास्त लागला. माझे गुडघे आता लग्नातले राहिले नव्हते. घसरड्या दगडांवर मुलगी हात द्यायची, मी नको म्हणायचे आणि मग तोच हात घट्ट धरायचे. खाली उतरणारी पोरं ‘‘काकू, सांभाळून’’ म्हणत होती, तेही मला टोचत होतं. पण मी चढत होते. शेवटच्या वळणाआधी आवाज आला. वळण ओलांडलं आणि धार समोर आली.

नवऱ्याने एक शब्द वाढवून सांगितला नव्हता. सबंध कडा पाण्याने पांढरा झाला होता. तुषार तोंडावर येत होते. मुलगी काहीतरी ओरडली, ते मला ऐकू आलं नाही. किती वर्षं मी हे पाहायला तडफडत होते! आता सगळं आतून भरून येईल म्हणून मी उभी राहिले. आणि मला वाटलं, सतरंजीवर नवऱ्याला डुलकी लागली असेल. माकडांनी भाकरी नेली असेल. चटणी सांडून निळी पिशवी तेलकट झाली असेल, गोळ्यांसकट.

मी मुलीच्या दंडाला धरून तिच्या कानाशी तोंड नेलं. ‘‘छान आहे. चल आता, खाली दोघं खोळंबलेत.’’

‘‘आई! आत्ताच तर आलो.’’

‘‘पाहिलं ना? झालं मग. डबे उघडे राहिले असतील.’’

तिचा चेहरा एकदम उतरला. मग ती माझ्याच स्वभावाची, चिडली. तिने मला खांद्यांना धरून धबधब्याकडे वळवलं आणि ओरडून म्हणाली, ‘‘पाच मिनिटं उभी राहा. डब्याचं नाव काढू नकोस. नुसतं बघ.’’

मी उभी राहिले. पाच मिनिटं झाली का, हे मी घड्याळात दोनदा पाहिलं.