न सडणारं लाकूड

आई गेली आणि दोन महिन्यांनी मी बाबांना ब्रह्मपुरीहून अहेरीला घेऊन आले. मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे, क्वार्टर मिळालेलं आहे, आणि एकटा माणूस तिकडे घरात नुसता बसून राहिला तर त्याचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. आईच्या आजारपणात तिचं सगळं बाबांनीच केलं होतं. पेज भरवणं, गोळ्या देणं, कूस बदलणं. ती गेली आणि त्यांनी एकच गोष्ट मनाशी घट्ट धरली. "माह्या हाताले गुण नाई," म्हणायचे. आयुष्यभर शाळेत शिकवत आलेला माणूस, पण या बाबतीत ऐकायला तयार नाही. मी समजावलं, चिडले, शेवटी हात टेकले. अहेरीला आल्यावरही ते वेळेवर जेवायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायचे.

बदली झालेल्या एका सहकारी बाईंनी जाताना त्यांची माशांची काचेची पेटी मला दिली. आत दहा गप्पी आणि दोन काळ्या मॉली होत्या. मी ती बाबांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि सांगून टाकलं, मला ड्युटीमुळे जमणार नाही, तुम्हीच बघा. हे अर्धं खोटं होतं. पण तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर बाबा भिंत सोडून पेटीकडे तोंड करून बसलेले. नळाचं पाणी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून गेलं की मगच पेटीत घालायचं, हे त्यांनी माझ्याकडून एकदा ऐकलं आणि शाळेच्या वेळापत्रकासारखं पाळायला लागले. रोज सकाळी मासे मोजायचे. एका मॉलीनं पिल्लं दिली तेव्हा मला दवाखान्यात फोन करून म्हणाले, "बेटा, घरात बाळंतपण झालं." मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

माशांना लपायला जागा हवी, पिल्लांना तर हवीच. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगत होते, पाण्यात ठेवायचं खास लाकूड विकत मिळतं. मला हसू आलं. चारी बाजूंनी जंगल, आणि मी कुरिअरनं लाकूड मागवू? तेव्हा शेजारच्या मावशी कुंपण नव्यानं घालत होत्या. त्या आतल्या एका जंगलगावातून लेकाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. जुन्या कुंपणाचे खांब उपटून अंगणात टाकले होते. कित्येक पावसाळे मातीत गाडलेले, तरी बुडाला साधी कीड नाही. "वाळवी लागत नाई याले, सिस्टर," मावशी म्हणाल्या. नव्या खांबांतून उरलेला एक दुबेळक्याचा, दोन फाटे फुटलेला तुकडा होता, सालीसकट, दिसायला सुरेख. मी मागितला. त्यांना वाटलं, दोरी बांधायला वगैरे नेते आहे. मी झाडाचं नाव विचारलं नाही. जे लाकूड वाळवीसुद्धा खात नाही ते का खात नाही, हा प्रश्न तर माझ्या डोक्यात आलाच नाही. पाण्यात सडणार नाही, एवढ्यावर मी खूश होते. घासून धुतलं आणि पेटीत ठेवलं. बाबा म्हणाले, "जंगलच आनलं तू घरात."

दोन दिवसांत पाण्याला चहासारखा फिका रंग चढला. लाकडाचा रंग उतरतोच, असं व्हिडिओत होतं, म्हणून मी निश्चिंत राहिले. चौथ्या दिवशी एक गप्पी तळाशी आडवी पडलेली दिसली. पाचव्या दिवशी दोन. पिल्लं कधी गेली ते कळलंही नाही. बाबांनी निम्मं पाणी बदललं, तर उरलेल्या मासोळ्या जरा हलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मलूल. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा तेच. बऱ्या नसलेल्या मासोळ्या जाऊन त्या लाकडाखालीच थांबायच्या. मला वाटायचं, बरं झालं, आसरा तरी आहे.

बाबा पुन्हा गप्प झाले. आता गप्प बसण्याला कारणही होतं. रोज सकाळी मोजायचे आणि आकडा मला सांगायचे, बाकी काही नाही. सात. पाच. एके दिवशी नुसतं म्हणाले, "पाहिलं न? मी म्हणतच होतो." मी रागावले. माझाच राग मला आवडला नाही, पण मला भीती वाटते तेव्हा मी अशीच बोलते. ते उठताना भिंत धरायला लागले होते. पायात जोर नाही म्हणायचे, ताट अर्धं ठेवायचे. मी त्यांना शक्तीच्या गोळ्या आणून दिल्या. दुःखानं माणूस खचतो, असं मी रोज नातेवाइकांना सांगते. तेच स्वतःला सांगितलं आणि ड्युटीवर गेले.

पंधराव्या दिवशी सकाळी मावशी तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. आमच्या घरात पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. पेटीपाशी गेल्या, वाकून पाहिलं, आणि शेंगांचा पदर तसाच हातात धरून थांबल्या.

"हे पाण्यात काऊन टाकलं सिस्टर? गराडी होय हे. बकरी तोंड नाई लावत याले."

गराडी. आमच्या दवाखान्यात हा शब्द कुणी हळू आवाजात उच्चारला तरी सगळे धावतात. जीव द्यायला त्याचं विष घेतलेली माणसं घेऊन नातेवाईक येतात आणि सोबत पिशवीत त्या झाडाचा पाला आणतात, डॉक्टरला दाखवायला. तो पाला मी कितीदा पाहिला होता. लाकूड ओळखत नव्हते. इतक्या वर्षांची नोकरी, आणि घरात हे आणून ठेवलं. मी लाकूड बाहेर ओढलं, अंगणात फेकलं, हात साबणानं धुतले. पेटीत तीनच मासोळ्या उरल्या होत्या. तरी थोडं हायसंही वाटलं, कारण आता बाबांना सांगता येणार होतं.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे पाण्यातच होतं. मलेही कडूच लागे."

"काय कडू लागायचं, बाबा?"

"पाणी. रोज सकाळी चाखून पाहत होतो न."

आमच्या धानाच्या पट्ट्यात नव्या विहिरीचं किंवा बोडीचं, म्हणजे शेतातल्या तळ्याचं, पाणी घरातला मोठा माणूस आधी ओंजळीनं चाखतो. खारं की मचूळ, ढोरांना चालेल का, हे जिभेनं ठरतं. मासोळ्या मरायला लागल्यापासून बाबा रोज एक ओंजळ पीत होते. पाण्यात खोट आहे की आपल्या हातात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. दहा-अकरा दिवस.

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी मध्येच थांबत होती आणि पुन्हा धावत होती.

ऑटोतून दवाखान्यात नेलं. माझ्याच वॉर्डात माझ्याच सहकाऱ्यांनी त्यांच्या छातीला तारा लावल्या. रक्तातलं पोटॅशियम पार खाली गेलं होतं, किडनीवरही परिणाम दिसत होता. डॉक्टरांनी सलाईन लावून लगेच गडचिरोलीला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या उशाशी बसले.

"बेटा, मग त्या माह्या हातानं नाई मेल्या न?"

"नाही बाबा. मी आणलेल्या लाकडानं मेल्या."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका सैल पडला की मी घाबरून पुन्हा नाडी पाहिली.

बाबा वाचले, किडन्या मात्र पूर्ववत झाल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा मी त्यांना डायलिसिसला नेते. शेजारच्या पलंगावर कुणी नवीन पेशंट आला की तो विचारतोच, तुम्हाला कसं झालं. बाबा उत्साहानं सगळं सांगतात, पेटी, मासोळ्या, बाळंतपण, सगळं. "माह्या हाताचा दोष नव्हता जी," ते म्हणतात, "पोरीनं लाकूड आनलं होतं." आणि मोकळेपणानं हसतात. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नवीन पेशंट माझ्याकडे बघतो. मी मान हलवते आणि हो म्हणते.