नीलवंताची बाजू

माझा थोरला भाऊ, दादा, उन्हाळ्यात गेला. पावसाळा सरल्यावर मी पुण्याहून एकटीच शिरूरच्या एसटीत बसले. आमचं एक जुनं भांडण होतं. त्याला नीलवंत आवडे, तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू. मला पाणपतंग, नखाएवढा, मळकट पांढरा. दरवर्षी दोन्ही बघायला आम्ही इकडे यायचो आणि घरी पोचेपर्यंत वाद घालायचो. दादाशिवाय त्यातलं काही उरतं का, एवढंच मला पाहायचं होतं.

कवठे येमाईला लिंबाच्या बागेचे मालक आबा फाटकातच भेटले. "दादा न्हाई आलं?"

मी सांगितलं. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "चला, त्यांचं पाखरू हाय का बघू."

नीलवंत एका झाडाच्या ओल्या आळ्यात बसला होता. उडाला तशा खुरपणाऱ्या बायका हात थांबवून वर बघू लागल्या. मी काहीतरी टोमणा मारायला वळले. शेजारी दादा नव्हता, आबा होते. आबांकडचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) गरम होतं, पण दोन घोट घेऊन मी वाटी खाली ठेवली.

न्हावऱ्याला गाडी बदलून दौंड गाठलं. गावाबाहेर आमचा वाद दरवर्षी ऐकणाऱ्या एक मामी शेततळ्यात विक्रीसाठी कमळं लावतात. काठावरच माझा पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात.

"पतंग बघाय आलाय का म्हशीवानी डुंबाय?" मामींनी हात देऊन मला वर ओढलं.

मग एक पान उलटं केलं. पतंगाच्या अळीने पानाचे दोन तुकडे कापून रेशमाने शिवले होते आणि ती मध्ये निजली होती. तिचं सगळं बालपण असं पाण्यात जातं.

"पानं खातोय मेला," मामी म्हणाल्या, "पर घर सोता शिवतोय. तुमचं त्ये निळं म्हंजी नवरदेव. नुस्तं मिरवायचं!"

"मिरवू दे की," मी म्हणाले. "तो आला की माणसं काम सोडून वर बघतात. तुमच्या पतंगासाठी कोण थांबतं?"

"तुम्ही आलायसा की, पार पुण्यास्नं!"

आम्ही दोघी हसलो. माझं वाक्य दादाचं होतं. वर्षानुवर्षं त्याने ते मला ऐकवलं आणि मला कधी उत्तर सुचलं नव्हतं. आज ते माझ्याच तोंडून आलं, आणि मामींनी एका दमात परतवलं.

परतीच्या गाडीत मला भूक लागली. पुणं येईपर्यंत मी नीलवंताच्या बाजूने नवा मुद्दा शोधत होते. मामींना असं जिंकू देणं दादाला मुळीच चाललं नसतं.