लोड होईस्तोवर कूलर बंद

पुतणीने बंगलोरहून कुरिअरने खोकं पाठवलं. आत काळा, रबरी बटणांचा कॉम्प्युटर होता. आम्ही भाऊ शाळेत असताना अगदी असाच एक घरी आला होता आणि पुढे भंगारात गेला. आता कुणीतरी तो हुबेहूब नव्याने बनवून विकतं म्हणे. फोनवर ती म्हणाली, "काका, सेम टू सेम आहे. बाबांना दाखवा, काहीतरी आठवेल."

तिचे बाबा म्हणजे माझा मोठा भाऊ. गेली काही वर्षं त्याचं विसरणं वाढत वाढत माझ्यापर्यंत आलंय. मला तो 'साहेब' म्हणतो. हुडकेश्वरच्या या घरात आम्ही दोघंच. त्याला न्हाऊ घालतो मी, भरवतो मी, आणि वर "साहेब, तुम्ही जेवले का जी?" हेही ऐकतो मीच. खरं सांगतो, थकलोय. त्याची सगळी आठवण परत येईल, अशी आशा मी कधीच सोडली. एकदा, फक्त एकदा त्याने मला 'लहान्या' म्हणावं, एवढंच हवं होतं.

मे महिन्यातली दुपार. मशीन टीव्हीला जोडलं आणि खोट काढत बसलो. बटणं तशीच, खोडरबरासारखी दबणारी. पण चित्र फारच स्वच्छ. आमच्या जुन्या टीव्हीवर ते थरथरायचं. जुनं मशीन तव्यासारखं तापायचं, हे गारच. गेम तर बटण दाबताच उघडला. भावाने पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बातम्या कधी लागतीन जी?" नक्कल ती नक्कलच, दुसरं काय.

आमच्या वेळी गेम कॅसेटवरून यायचा. मशीनला टेपरेकॉर्डर जोडायचा आणि कॅसेटची किंचाळी ऐकत बसायचं. कूलर चालू असला की व्होल्टेज पडायचं, टेप मंदावायचा आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून भावाचा कायदा होता: लोड होईस्तोवर कूलर बंद. नागपूरचा उन्हाळा, अख्खं घर घामाघूम, आई पदराने वारा घेत आमचा उद्धार करतेय, आणि हा हेडमास्तरासारखा उभा.

मशीन आवरायला घेतलं तेव्हा पडद्यावर एक पर्याय दिसला: जुन्या पद्धतीने लोड करा. म्हणजे ताटकळण्याची हौसही हे लोक पुरवतात! वैतागून तोच दाबला. टीव्हीतून तीच कर्कश किंचाळी सुरू झाली, पडद्याच्या कडेने पट्टे पळू लागले.

भाऊ ताठ बसला.

"कूलर काहून चालू हाये बे, लहान्या? लोड होऊन राहिलं ना! बंद कर!"

या मशीनचं कूलरशी काही देणंघेणं नाही. तरी मी धावत जाऊन कूलर बंद केला. रडू आवरेना. भावाने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं. घामाने निथळत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो.

मग किंचाळी थांबली, गेम उघडला. भाऊ सैल पडला आणि कपाळ पुसत माझ्याकडे वळला.

"लय गरम होऊन राहिलं साहेब. कूलर नाही का जी तुमच्याकडे?"

मी उठून कूलर चालू केला. आणि गेम पुन्हा पहिल्यापासून लोडला लावला.