हू तिएवचं मूळ गाव

समोर वाडगा आला की काका लगेच खायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, वाफेत नाक घालायचे आणि स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं वाडग्याला विचारायचे, "हं, तुमचं मूळ गाव कोणतं?" वाडगा काही बोलायचा नाही. मग काकाच बोलायचे आणि आमचं जेवण थंड व्हायचं.

नवीन माणूस भेटला की आडनाव, गाव आणि गावातली आळी इथपर्यंत पोचल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका त्याच जातकुळीचे. फक्त सिंगापुरात आल्यावर त्यांनी माणसांना सोडलं आणि पदार्थांना धरलं.

जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये ते मेंटेनन्स मॅनेजर होते. मी त्यांच्या हाताखाली इंजिनियर, आणि ईस्ट कोस्टला त्यांच्याच कॉन्डोत राहणारी. कंपनीची बस आम्हाला अंधारातच उचलायची. बाकीची बस माना टाकून झोपायची. काका शेजारी येऊन बसले की माझी झोप गेली असंच समजायचं.

"अगं, आपण इथे क्वे त्याव खातो ना, त्या तांदळाच्या चपट्या शेवया? बँकॉकला गेलीस की त्याच क्वाय तियाव. नोम पेन्हला कुय तिएव. सायगावला हू तिएव. सगळी एका आईची लेकरं. चीनच्या किनाऱ्यावरून त्योच्यू लोक बोटीत बसले, कढया घेतल्या, आणि जिथे उतरले तिथे चूल मांडली. अर्धं सामान वाटेत गेलं असेल, पण नाव जपून नेलं बघ."

हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढायचा की पुढच्या सीटवरचा मलेशियन ऑपरेटर झोपेतच "करेक्ट, करेक्ट" म्हणायचा.

शनिवारी आमची वरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत. काका घरात शाकाहारी आणि उंबऱ्याबाहेर सर्वाहारी. पोपियाच्या, म्हणजे भाज्या भरलेल्या पातळ गुंडाळीच्या, स्टॉलपाशी उभे राहून मला म्हणायचे, "हिला व्हिएतनाममध्ये बो बिया म्हणतात. सासरी गेल्यावर नाव थोडं बदललं, एवढंच." एकदा प्लांटमध्ये पंप उघडून बसलेल्या तमिळ फिटरला त्यांनी गाठलं. व्हिएतनामी लोक करीला का री म्हणतात आणि तो शब्द तुझ्या घरचा आहे, ही बातमी त्याला दिली. फिटरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुड, सर. पंप स्टिल लीकिंग."

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. पुरावा भक्कम असला की ते हळू बोलायचे आणि नसला की टेबलावर हात आपटायचे. आवाजावरून आम्हाला अंदाज यायचा. पण मी अगदी खरं सांगते, तो माणूस बोलायला लागला की समोरचा साधा वाडगाही कुठून कुठून प्रवास करून आलाय असं वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. मला त्यांचं फार कौतुक होतं, अजूनही आहे.

काकूंना या कशाचंच कौतुक नव्हतं. त्या हॉकर सेंटरमध्ये पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत. चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार सगळं साग्रसंगीत. नवऱ्याच्या संशोधनावर त्यांचं एकच मत होतं. "खायचं सोडून पंचायती."

आणि अशा घरात सईने, त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, एक दिवस सांगितलं की तिला मिन्हशी लग्न करायचंय. मिन्ह तिच्याच ऑफिसातला, सायगावचा.

काका उडालेच. "दक्षिण व्हिएतनामचा का? वा, हू तिएवच्या गावचा." काकू मात्र खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "ना आगा ना पीछा. कोण, कुठले, घरात काय शिजतं, काही माहीत नाही. मला जमायचं नाही." सईने स्पष्ट सांगितलं, तुमच्या दोघांच्या मनाविरुद्ध मी करणार नाही, पण मग दुसरं कुणी दाखवूही नका. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काका तेव्हा पहिल्यांदाच घाबरलेले मी पाहिले. बसमध्ये आठवडाभर एकाही शेवयीचा विषय निघाला नाही.

मिन्हचे वडील तो लहान असतानाच गेलेले. त्याची आई सायगावहून त्याला भेटायला आली तेव्हा काकांनी काकूंना कसंबसं तयार केलं, फक्त एकदा भेटू म्हणून. रविवार ठरला. त्या दिवशी नेमकी संकष्टी. काकांनी जागा निवडली ती हॉकर सेंटरमधल्या व्हिएतनामी स्टॉलसमोरची, "विहीणबाईंना घरच्यासारखं वाटेल." काकूंनी पिशवीत उपासाचा डबा घेतला आणि मलाही बरोबर घेतलं. "तू यांच्या शेजारी बस. फार बोलायला लागले की पायावर पाय दे."

मिन्हची आई बारीक चणीची, ताठ बसणारी बाई. इंग्रजी येत नव्हतं. आई बोलली की मिन्ह इंग्रजीत सांगायचा, काकू मराठीत बोलल्या की सई. हवापाणी झालं, प्रवास झाला. मग हू तिएवचे वाडगे आले आणि बाईंचा चेहरा खुलला. मेकाँगच्या काठावर त्यांच्या आईची हू तिएवची गाडी आहे. आजोबा लढाईत गेले आणि आजीने त्या एका गाडीवर सगळी पोरं वाढवली. आजी अजून पहाटे उठून हाडांचा रस्सा चढवते. "माय मदर सेज," मिन्ह म्हणाला, "धिस इज अवर फॅमिली."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी पायावर पाय दिला.

"अगं, पाय," असं मला म्हणून ते सुरू झाले. हू तिएव मुळात व्हिएतनामी नाहीच. चीनच्या किनाऱ्यावरून आलेली, नाव त्योच्यूंचं, नोम पेन्हमार्गे तुमच्याकडे पोचली. डोळे चमकत होते, हात समुद्र ओलांडत होते. आठवडाभर साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. "बाबा, इनफ ला," सई म्हणाली. काकांना ऐकूच गेलं नाही. मिन्ह बिचारा प्रामाणिक, त्याने शब्दन् शब्द आईला सांगितला.

बाईंनी चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्या. वाडगा हाताने थोडा लांब सारला. काहीतरी बोलल्या. मिन्हने भाषांतर केलं नाही. सईचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, संपलं, या गृहस्थांनी आपल्या हाताने मुलीचं लग्न मोडलं.

"काय म्हणाल्या त्या?" काकूंनी विचारलं.

मिन्ह खाली बघून म्हणाला, "शी सेज, देन व्हॉट डिड माय मदर गिव्ह अस ऑल दोज यिअर्स?"

सईने ते मराठीत सांगायची गरज पडली नाही. काकू नवऱ्याकडे वळल्या. मी काकूंना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, त्या माउलीने गाडी ओढून पोरं जगवली. आणि तुम्ही तिच्या लेकीला सांगताय की ते तुमचं नाहीच? काही लाज?"

काका चष्मा काढून पुसत बसले. काकूंनी डबा उघडला, झाकण बाजूला आपटलं आणि साबुदाण्याची खिचडी त्यांच्यापुढे सरकवली.

"आता हिचं सांगा. सांगा ना. इतकी वर्षं माझ्या डब्याला कधी विचारलं नाहीत ते."

काका चष्म्याची काच परत पुसायला लागले. त्यांना उत्तर येत होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"सांगा म्हणते ना."

"साबू म्हणजे सागू," काका अगदी हळू म्हणाले. "इकडचा शब्द आहे. मलय. इथल्या ताडासारख्या झाडाचा गर. आपल्याकडे नंतर कंदाचा करायला लागले, नाव तेच राहिलं. बटाटा, दाणे, मिरची तर पार समुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलेली."

हळू म्हणाले, म्हणजे पुरावा भक्कम होता. काकूंनी डब्यात पाहिलं. एवढ्या संकष्ट्या, आणि डब्यात स्वतःचं म्हणावं असं बहुतेक मीठच.

"मग माझे उपास फुकट गेले का?"

"छे. तुझ्या आईने तुला शिकवली, तू सईला शिकवलीस. ती तुझीच आहे."

"हेच त्यांना सांगा. असंच्या असं. आणि आधी माफी मागा."

काकांनी उभं राहून हात जोडले आणि सांगितलं. मिन्हने आईला सांगितलं, सईकडून कळलेली डब्याची गोष्टही सांगितली. बाईंनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि त्या डब्यात डोकावल्या. बोटाने एक दाणा उचलला, दाबून पाहिला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या मिन्हशी भराभर बोलायला लागल्या. त्यांच्याकडेही हे दाणे करतात, नारळाच्या दुधात, गोड. काकूंनी चमचा पुसून पुढे केला. बाईंनी घास घेतला, चावला, दाण्याच्या कुटाला मान डोलावली.

मिन्ह हसायला लागला. "मॉम सेज व्हेरी गुड. बट फॉर द वेडिंग, शी विल मेक इट हर वे."

सईने आईकडे पाहिलं. काकूंनी डब्याचं झाकण उचललं, पदराने पुसलं आणि थोडा विचार केला.

"नारळाचं दूध उपासाला चालतं," त्या म्हणाल्या.

लग्न झालं. पुढे काका रिटायर झाले, त्यांचा सिंगापूरचा वर्क पास संपला आणि दोघं पुण्याला गेले. बसमध्ये त्यांच्या जागी आता एक नवा मुलगा बसतो, कानात काहीतरी घालून झोपतो. मलाही झोप मिळते. ती मला नको असते.

परवा काकूंनी व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवला. दोघं लेकीकडे सायगावला गेलेत आणि मिन्हच्या आजीच्या गाडीवर जाऊन आलेत. निळ्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर काका गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. म्हातारी समोर वाडगा ठेवते आणि कमरेवर हात देऊन उभी राहते. काका एकदा तिच्याकडे बघतात, वाडगा दोन्ही हातांनी उचलतात आणि खायला लागतात. खातात, रस्सा पितात, परत खातात. पूर्ण व्हिडिओत त्यांचा एक शब्द नाही.

खाली काकूंनी लिहिलं होतं, "काळजी करू नकोस. तब्येत उत्तम आहे."